मौन आणि माळ

जुलै महिन्यातली गोष्ट. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा चालला होता. पाळकसाहेब जवळ आले आणि म्हणाले, "ख्रिसमसच्या आधी पन्हाळ्याला प्रार्थनेची रिट्रीट घ्यावी म्हणतोय. 18 डिसेंबरची उपासना झाली की निघायचं, 19 ला परत. नाव लिहू ना?" मी बटर चहात बुडवत म्हणालो, "लिहा की."

2022 चा फुटबॉलचा वर्ल्ड कप कतारच्या उन्हाळ्यापायी नोव्हेंबर-डिसेंबरात ढकललाय आणि फायनल 18 डिसेंबरला आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण मी अर्जेंटिनावाला. अर्जेंटिनावाला डिसेंबरातल्या फायनलची सोय जुलैत करत नसतो. 1986 नंतर कप नाही, 1990 ला आणि 2014 ला फायनलला जाऊन हात हलवत परत. आमचा विश्वास मोठा असला तरी नियोजन बेताचंच असतं.

त्यात 22 नोव्हेंबरला सौदी अरेबियानं 2-1 नं हरवलं. मी त्या रात्री बायकोला म्हणालो, "रिट्रीटची बॅग भरायला घे." पण मग मेक्सिको गेलं, पोलंड गेलं, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, क्रोएशिया गेलं आणि अर्जेंटिना फायनलला, फ्रान्सविरुद्ध. आता पन्हाळ्याला जाणारा मी एकटाच.

"अगं, मला ताप येईल असं वाटतंय."

"कधी?"

"रविवारी दुपारच्या सुमाराला."

"अहो, महिला संघाच्या यादीत सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं आहेत. तुम्ही बसमध्ये बसायचं."

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, फुटबॉल काय परका आहे का आपल्याला? एव्हर्टन 1878 साली चर्चच्या पोरांनी काढलेला संघ, मँचेस्टर सिटीची सुरुवात 1880 ला चर्चमधनं, साउदॅम्प्टनला अजून 'सेंट्स' म्हणतात ते 1885 साली सेंट मेरी चर्चच्या तरुणांनी काढला म्हणून. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग ती पोरं गेली ती परत आली का चर्चमध्ये?"

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे कुस्ती, तांबडा-पांढरा आणि चप्पल. आमच्याकडं फुटबॉलच्या संघालाही तालीम म्हणतात हे त्याला पटवून सांगावं लागतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की वर्कशॉपातली निम्मी पोरं कुणाच्या ना कुणाच्या मयताला जातात. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा उद्यमनगरात लेथवर हात होते आणि डोळे मोबाइलवर. आणि मोठा वर्ल्ड कप आला की गावाची फाळणी होते. एक गल्ली ब्राझील, एक गल्ली अर्जेंटिना. मध्ये राहणाऱ्यानं भाड्यानं घर बघावं.

इथं एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. ब्राझील 9 डिसेंबरला क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरून बाहेर पडलं होतं. पण आमच्याकडं ब्राझीलवाला स्पर्धेतनं बाहेर पडला म्हणून फटाके परत करत नाही. तो ते अर्जेंटिनाविरुद्ध गोल होईपर्यंत जपून ठेवतो.

पन्हाळ्याच्या नाक्याला बस वळली तेव्हा एका बाजूला निळी-पांढरी पताका आणि दुसऱ्या बाजूला अजून न उतरवलेली पिवळी-हिरवी. मी खिडकीतनं बघत होतो. बायको मला बघत होती.

पन्हाळा आमच्या लोकांना नवा नाही. रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, त्यांच्या मागून आलेले मिशनरी उन्हाळ्यात हवा खायला वर पन्हाळ्याला यायचे. पण मला त्या दिवशी मिशनरी आठवले नाहीत, आठवला तो 1660 चा वेढा. महाराज इथूनच रात्रीच्या पावसात निसटून विशाळगडाला गेले. त्यांच्या जागी पालखीत बसायला शिवा काशिदासारखा जिवाला जीव देणारा माणूस होता. माझ्या जागी तासभर प्रार्थनेला बसायलासुद्धा कुणी तयार नव्हतं. मी दोघांना विचारून बघितलं होतं.

संध्याकाळी पहिलं सत्र झालं. वक्ते बाहेरून आलेले, शांत आवाजाचे. त्यांनी आत्मपरीक्षणाची एक रीत शिकवली. झोपण्याआधी दिवस पुन्हा डोळ्यांपुढून न्यायचा. कुठं देवाची चाहूल लागली, कुठं आपण तोंड फिरवलं, ते बघायचं. इग्नेशियस लोयोलानं ही सवय लावून दिली. तो मूळचा शिपाईगडी, 1521 साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या देवाकडं वळला. मला जरा हेवा वाटला. माझा लिगामेंट फाटला तेव्हा दोन महिने मीही पडूनच होतो, पण वजन वाढण्यापलीकडं काही घडलं नाही.

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, खर्डा. मग पाळकसाहेबांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा फिरवला. 19 मोबाइल आत गेले, माझा सगळ्यात शेवटी. आठ वाजता मौन सुरू. सकाळी साक्षीच्या सत्रापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही.

साडेआठला तिकडं कतारात लुसैलच्या स्टेडियममध्ये शिट्टी वाजली असणार. मी अंगणात उभा. फाटकाजवळ वॉचमनमामांच्या खोलीत उजेड दिसला. मामांना मौन नव्हतं. मी दारात गेलो. मामांनी विचारलं, "काय पायजे सायेब?"

आता मौन म्हणजे मौन. मी हवेत लाथ मारून दाखवली. मामांनी बघितलं. मी पुन्हा मारली, जरा जोरात, आणि मग दोन्ही हात वर करून 'कोण?' असं विचारलं.

"पाय आखडला व्हय? थंडीनं हुतंय तसं. बसा, बसा."

मी मान हलवून नाही म्हणत होतो, तोवर मामांनी मला बाजेवर बसवून पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती. वाटीत तेल कोमट केलं आणि पोटरी चोळायला घेतली. हाताला चांगला जोर होता. खोलीत टीव्ही नाही, रेडिओ नाही. भिंतीवर जोतिबाचा फोटो आणि एक घड्याळ. घड्याळात आठ त्रेपन्न झाले आणि नाक्याच्या बाजूनं हजाराची माळ सुटली.

मी ताडकन उठलो.

"दुखलं का?" मामा म्हणाले.

मी त्यांचे हात हातात घेऊन डोळ्यांनीच आभार मानले आणि तेलकट पायानं अंगणाच्या कठड्याकडं पळालो. तिथनं खाली बुधवार पेठेच्या अंगाचे दिवे दिसत होते, लांबवर कोल्हापूर लुकलुकत होतं. कठड्यावर एक खडा ठेवला. डावीकडं, अर्जेंटिनाचा. नऊ सहाला दुसरी माळ, मोठी, वर दोन रॉकेट. दुसरा खडा. थंडी पळाली.

त्यानंतर मात्र काहीच नाही. साडेनऊ झाले, पावणेदहा, दहा. एक टिकलीसुद्धा वाजेना. वारं, रातकिडे आणि माझा एक तेलकट पाय. अशा वेळी माणूस काय करणार? शिकवलेलं करून बघितलं. दिवस मागं न्यायला घेतला तो रविवारवर थांबेना, शनिवारवर गेला. शनिवारी मी वर्कशॉपात एका पोरावर सगळ्यांदेखत तोंड सोडलं होतं, जॉब वाया घालवला म्हणून. आता अंधारात तो प्रसंग परत आला, आणि व्हीएआरसारखा, म्हणजे रेफ्रीला दाखवतात त्या व्हिडिओ रिप्लेसारखा आला. दोन्ही बाजूंनी, सावकाश. पोरानं काटेकोर ड्रॉइंगप्रमाणं कापलं होतं. ड्रॉइंगवर माप मीच चुकीचं लिहिलं होतं, 42 च्या जागी 24. पोराला ते तेव्हाच कळलं होतं. तो बोलला नव्हता एवढंच. मी कठड्यावर बराच वेळ तसाच बसून होतो. रेफ्री स्क्रीन बघून परत मैदानात येतो तेव्हा निर्णय काय, हे त्याच्या चालण्यावरूनच कळतं. तसं झालं.

त्यातनं सावरायला म्हणून प्रार्थना केली. प्रार्थना साहजिकच अर्जेंटिनासाठी. पण ती अर्ध्यात आली आणि मला फ्रान्सचा ऑलिव्हिए जिरू आठवला. त्याच्या हातावर 23 व्या स्तोत्राची ओळ लॅटिनमध्ये गोंदलेली आहे, परमेश्वर माझा मेंढपाळ. म्हणजे हे मेंढरू तिकडं हातावर स्तोत्र घेऊन पळतंय आणि हे मेंढरू इकडं पन्हाळ्यावर बसून त्याचा पाय घसरू दे म्हणून मेंढपाळालाच गळ घालतंय. मेंढपाळानं करायचं काय? या मुद्द्यावर देवाची आणि माझी पंधराएक मिनिटं चर्चा झाली, बहुतेक मीच बोललो. (जिरूला हाफ टाइमच्याही आधी, 41 व्या मिनिटाला बाहेर बसवलं होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं. देवाला ते तेव्हाच माहीत असणार. पण त्यानं मला बोलू दिलं.)

सव्वादहाच्या सुमाराला फटाके वाजले. मी खडा उचलतो न उचलतो तोवर पुन्हा वाजले. दोन मिनिटांत दोन! पण कुणाचे? माळ नाक्याची की खालची, काही कळेना, दरीत आवाज घुमत होता. अर्जेंटिनाचे असले तर 4-0 आणि मी झोपायला मोकळा. ब्राझीलवाल्यांनी जपून ठेवलेले असले तर 2-2. मी मधोमध तिसरा ढीग सुरू केला, संशयाचा. त्यात दोन खडे ठेवले. अकराच्या पुढंमागं आणखी दोन बार झाले, थोड्या अंतरानं. मॅच अजून संपली नाही म्हणजे एक्स्ट्रा टाइम, म्हणजे मघाचे दोन त्यांचेच. आता पोटरी खरंच आखडली.

मग जे सुरू झालं त्याला हिशेब नव्हता. मिनिटाला एक आवाज, कधी वरून, कधी खालून, सुतळी बॉम्ब, रॉकेट, भुईनळ्याचा उजेड. पेनल्टी! बायबलातल्या एलियाच्या गोष्टीत डोंगरावर आधी सोसाट्याचा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी, आणि परमेश्वर त्यांतल्या कशातच नसतो. शेवटी येते ती मंद वाणी. पन्हाळ्यावर वारा, भूकंप, अग्नी तिन्ही झाले. मी मंद वाणीसाठी कान लावून बसलो. निदान कुणीतरी हळूच स्कोअर सांगावा. साडेअकराला सगळीकडूनच धडाका उडाला आणि मग हळूहळू शांत झालं. कोण जिंकलं, कळायला मार्ग नाही. एवढे कान टवकारून मी जन्मात कुठल्या प्रवचनाला बसलो नसेन.

सकाळी साडेसातला साक्षीचं सत्र होतं ते नेमकं अंगणात, कोवळ्या उन्हात. 'उपासना संगीत'मधलं एक गीत झालं. वक्ते उठले आणि माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण ते कठड्यापाशी गेले.

"पहाटे मी इथं आलो," ते म्हणाले, "आणि हे खडे बघितले. मोजले. बारा आहेत." मंडळीत कुजबुज झाली. मला स्वतःला आकडा माहीत नव्हता, शेवटी शेवटी मी ऐकू येईल तसे ठेवत गेलो होतो. "यार्देन ओलांडल्यावर यहोशवानं नदीतनं बारा धोंडे आणून गिलगालात उभे केले. कशासाठी? पुढं मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा बापांनी सांगावं म्हणून. काल रात्री आपल्यातला एक भाऊ या थंडीत मध्यरात्रीपर्यंत इथं जागरण करत होता. मी खिडकीतनं बघत होतो. कधी गुडघ्यावर, कधी हात वर करून." त्यांचा आवाज जड झाला. "भाऊ, पुढं या. या धोंड्यांचा अर्थ काय, ते सांगा."

मी उठलो. बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. भक्तीनं नव्हे, हे पंचवीस वर्षांच्या संसारामुळं मला कळत होतं. खोटं बोलावं तर समोर बारा धोंडे साक्षीला. मी वर्कशॉपातल्या पोराचं सांगितलं, 42 आणि 24 चं सांगितलं. मंडळी "आमेन" म्हणाली. वाटलं सुटलो.

"आणि धोंडे?" वक्ते म्हणाले.

"गोल," मी म्हणालो.

"कसले गोल?"

"डावीकडचे अर्जेंटिनाचे. मधले संशयाचे. बाकीचे पेनल्टीचे... असावेत."

इतकी शांतता आठच्या मौनातही नव्हती. पाळकसाहेब बुटांकडं बघत होते. वक्त्यांच्या हातात बायबल उघडं, यहोशवाचा चौथा अध्याय, बोट ओळीवर तसंच. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरनं आमच्या मंडळीतल्या सगळ्यात थोरल्या आजी, ज्यांना कमी ऐकू येतं आणि म्हणून ज्या मोठ्यानं बोलतात, त्या म्हणाल्या, "आरं पर जित्लं कोन?"

कुणालाच माहीत नव्हतं. आणि मग हळूच सगळ्या मंडळीचे डोळे टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्याकडं वळले. महिला संघाचेसुद्धा. पाळकसाहेबांनी डब्याकडं बघितलं, मंडळीकडं बघितलं, आणि म्हणाले, "आधी आशीर्वाद घेऊ." त्यांनी हात वर केले. इतका आटोपशीर आशीर्वाद मी त्यांच्याकडनं आधी ऐकला नव्हता.

डबा उघडला. संडे स्कूलच्या एका पोरानं सगळ्यात आधी मोबाइल चालू केला आणि बोंब ठोकली, "तीन-तीन! पेनल्टीवर चार-दोन! अर्जेंटिनाऽऽ!" मी आजींना मिठी मारली. वॉचमनमामा फाटकाकडनं धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा पाय आखडला.

त्या गोंधळात वक्ते तेवढे कठड्यापाशी एकटेच उभे राहिले होते. मी माफी मागायला म्हणून जवळ गेलो. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. "तीन आणि तीन सहा," ते पुटपुटले, "चार आणि दोन सहा..." मग त्यांनी धोंड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.