हुशारीला व्हाउचर लागतं!

लिफ्टमध्ये लेखकाला गाठून मालिकेवर बोलायचं नाही, असा ठराव आमच्या सोसायटीने तातडीने करावा. आज पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त ऑडिटर काकांनी मला तळमजल्यापर्यंत सोलून काढलं.

"अहो लेखक, बांगड्या मोडून फी भरायचा सुनेचा बेत तुमच्या त्या मामीला कळला कसा?"

"दाराआडून ऐकला."

"कधी? सोमवारी बेत ठरला तेव्हा बाई नाशकात. मंगळवारी उतरल्या त्या थेट सराफाकडे! माहितीची जमा कुठाय? मला तर नुसता खर्चच दिसतोय."

"काका, ती हुशार आहे हो."

"हुशारीला व्हाउचर लागतं!"

तळमजला आला. काकांनी जाळीत चप्पल घालून लिफ्ट अडवली. वरून कुणीतरी "लिफ्ट सोडा!" म्हणून ओरडत होतं. "थांबा, ऑडिट चालू आहे!" काका वर तोंड करून गरजले.

चीड याची, की ती जमेची वही मी ठेवतोच. कुणाला काय माहीत, कुणाकडून, कितव्या भागात. मामीच्या रकान्यात तिने पाहिलेलं, ऐकलेलं आणि पैसे चारून काढलेलं एवढंच. बाकी तिने माणसं ओळखून ताडायचं. शकुनी कुठे दाराआड उभा होता? धर्मराजाला द्यूताचा नाद आहे, खेळ येत नाही आणि बोलावलं तर नाही म्हणवत नाही, एवढ्यावर त्याने पट मांडला.

माझ्या मसुद्यात मामीला फी भरायची तारीख ठाऊक होती. सून कुणापुढे हात पसरत नाही, हेही. मग उरल्या बांगड्या. म्हणून दोन भाग आधीच मामी साखळीचा फासा दुरुस्त करायच्या निमित्ताने सराफाकडे बसून येते. तो सीन आधी दाखवावाच लागतो आणि निमित्त क्षुल्लकच हवं, नाहीतर प्रेक्षकाला वास येतो. शिवाय तिचा एक अंदाज साफ चुकायला हवा, तोही तिच्या स्वभावामुळेच. कुणी बांगड्या फुकट देऊन टाकील, हे त्या हावरट डोक्यात येणारच नाही. प्रत्येक नेम अचूक लागला, की तो मामीचा राहत नाही, लेखकाचा होतो.

हे सगळं वाहिनीच्या क्रिएटिव्ह पोराने रात्री साडेअकराला उडवलं. वय चोवीस, हाक "सर", सूर हेडमास्तरचा. "सर, सराफाचं दुकान म्हणजे आउटडोअर. दार आपल्या सेटवर आहेच ना?"

आहे ना. आणि श्रेयनामावलीत पटकथेपुढे नाव माझं आहे, दाराचं नाही.