लाइन क्लिअर

रेल्वे संग्रहालयाला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा मनात जे चित्र उभं राहिलं त्यात मी इंजिनाच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून उभा होतो. पहिल्या रविवारी प्रत्यक्षात हातात आलं ते एक फडकं, पितळ घासायची डबी आणि फलाटावरची जुनी घंटा. "हिच्यात तोंड दिसलं पाहिजे," फोरमनकाका म्हणाले. दोन तासांनी दिसलं. फुगलेलं, घामेजलेलं, कपाळावर काळा पट्टा असलेलं. ते माझंच आहे हे पटायला आणखी पाच मिनिटं गेली.

बघायला येणाऱ्यांना वाटतं, संग्रहालयात वस्तू नुसत्या ठेवलेल्या असतात. छे! लोखंडाला गंजायचं असतं, पितळेला हिरवं पडायचं असतं, लाकडाला फुगून दार अडवायचं असतं. चार महिने कुलूप लागलं की ही मंडळी आपापली हौस भागवून घेतात. मग नवा मोसम सुरू होण्याआधीचे सहा रविवार आम्ही त्यांना वठणीवर आणतो. आमचं वाफेचं इंजिन कित्येक वर्षांत जागचं हललेलं नाही. पण ते आत्ता सुटेल असं दिसायला हवं, आणि ते तसं दिसावं म्हणून जी काही धाप लागते ती आम्हाला.

सेक्रेटरींचा यावर एक ठरलेला उतारा आहे. कुणी कंबर धरून बसलेला दिसला की ते वेल्समधली टॅलिलिन रेल्वे काढतात. १९५१ साली तिथल्या स्वयंसेवकांनी बंद पडायला आलेली अख्खी रेल्वे चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. "त्यांनी गाड्या चालवल्या हो, आणि आपल्याला एक गोदाम झाडता येत नाही?" सेक्रेटरींच्या हातात आजवर मी झाडू पाहिलेला नाही, पण टॅलिलिन पुढे केल्यावर बोलणार काय!

आमच्यात सरळ दोन तट आहेत. एक हात काळे करणारे आणि दुसरे माहिती असलेले. माहितीवाले इंजिनाची चाकं मोजून पुढची किती, मधली किती, मागची किती ते आकडे मंत्रासारखे म्हणतात, पण त्या चाकांखालचं ग्रीस खरवडायला कधी वाकत नाहीत. एका रविवारी ते एका फलकाभोवती दीड तास उभे होते. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर लिहायचं की ५ फूट ६ इंच, यावर जुंपली होती. शेवटी एकाने शहाणपणा केला आणि टेप आणून रूळच मोजले. दोन मिलिमीटर कमी! आता मात्र सगळे गंभीर झाले. जमीन खचली का, रूळ बदलले गेले का, कुणाच्या कार्यकाळात? रंगाचा डबा घेऊन शेजारी बसलेला कॉलेजातला पोरगा बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, दर वर्षी आतल्या बाजूनेही एक हात मारतो ना आपण."

माझ्या नावावर तोवर एक फुटलेली काच जमा झाली होती. गार्डच्या हातदिव्याची लाल काच. पुसताना ती माझ्या हातातून निसटली नाही, मी ती चांगली दाबून फोडली. काकांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे माहिती दिली. "पूर्वी पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा असा अर्थ असायचा. लाल काच फुटली की आतली ज्योत पांढरी दिसायची, आणि ड्रायव्हर धोक्याचा सिग्नल ओलांडून सरळ पुढे जायचा. म्हणून मोकळ्या रस्त्याला हिरवा दिवा आला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुमच्यासारख्यांमुळेच आला."

त्यानंतर मला न फुटणारी वस्तू देण्यात आली. पोलादी गोळा.

हा गोळा म्हणजे एकेरी मार्गाचा परवाना. दोन स्टेशनांत विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रं. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाने होकार दिला पाहिजे, तेव्हा कुठे आपल्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडतो. तो ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रं कुलूपबंद. कितीही खटपट करा, दुसरा मिळत नाही. म्हणजे त्या रुळांवर समोरासमोर दोन गाड्या यायचा प्रश्नच मिटला. आमच्याकडे ही जोडी आहे. एक यंत्र तिकीटघरात, एक मागच्या खोलीत आणि मधे वीस पावलांची, फक्त कल्पनेतली रेल्वे. काकांनी महिनाभर खपून ती चालू केली होती. यंदाच्या मोसमाचं मुख्य आकर्षण तेच होतं.

चौथ्या रविवारी यंत्र अडकलं. गोळा देईना. एका बाजूची खूण 'गाडी जात आहे' वर, दुसरीकडची 'गाडी येत आहे' वर, आणि दोन्ही ढिम्म. काकांनी बॅटरी बदलली. तारा तपासल्या. माहितीवाल्यांनी आकृत्या काढल्या. पाचव्या रविवारी अख्खं यंत्र उघडून कापडावर मांडलं, एकेक स्क्रू घासला, परत जोडलं. परत तेच, 'गाडी येत आहे'. मी मन लावून मदत करत होतो, बॅटरी धरत होतो, "सांध्यात धूळ असेल" असे सल्लेही देत होतो. काका रात्री झोपत नाहीत असं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मलाही फार वाईट वाटलं.

मोसम उघडायच्या आदल्या रात्री मी बाल्कनीत गेलो. तिथे चिंध्यांची बादली होती. संग्रहालयातली मळकी फडकी धुऊन आणायची जबाबदारी माझ्याकडे, आणि ती फडकी घरच्या मशीनमध्ये गेली तर मशीन आणि मी दोघंही बाहेर जाऊ, असं बायकोने स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे दोन आठवडे ती बादली माझ्या सवडीची वाट बघत होती. शेवटी धुवायला म्हणून मी ती फरशीवर उपडी केली.

टण्ण.

चिंध्यांतून गोळा निघाला आणि घरंगळत कठड्याला जाऊन टेकला. तिसऱ्या रविवारी पॉलिश करता करता फडक्यात गुंडाळला होता खरा. पुढे फडक्यांबरोबर बादलीत गेला असणार.

"अहो, काय पाडलंत?" आतून आवाज आला.

"काही नाही. गाडी सापडली."

सकाळी सगळ्यांच्या आधी संग्रहालयात पोचायचं, गोळा गुपचूप यंत्रात सोडायचा आणि कानावर हात ठेवायचे, असा बेत होता. दार उघडंच होतं. काका तिकीटघरातल्या यंत्रापाशी पाठमोरे बसले होते, बहुधा रात्रीपासून. मी चवड्यांवर मागच्या खोलीत गेलो. गोळा भोकातून आत सोडला. तो गडगडत खाली गेला, आणि तिकीटघरातून घंटी वाजली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चपला वाजल्या. काका दारात आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या धुतलेल्या फडक्यांकडे पाहिलं.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं," ते हळूच म्हणाले.

"हो."

"दोन आठवडे ते सांगत होतं, गाडी लाइनीवर आहे."

"हो, काका."

"कुठे उभी होती?"

"बाल्कनीत."

काकांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचं जुनं रजिस्टर ओढलं, घड्याळ पाहिलं आणि गाडी येण्याच्या रकान्यात शांतपणे वेळ लिहिली. पुढच्या रकान्यात उशिराचं कारण लिहायचं असतं. तिथे त्यांनी माझं नाव घातलं.