संशयित इसम, वय अंदाजे २२, हातात मोहाचे लाडू

नागपूर फार धोक्याचं शहर झालं आहे. मला याची कल्पनाच नव्हती, कारण मी इथे फक्त ५२ वर्षं राहतोय. आमच्या लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, मोबाइलवर सुरक्षा ग्रुप निघाला तेव्हा कुठे डोळे उघडले. ग्रुपवर जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी ‘नागपूर म्हणजे क्राइम कॅपिटल’ हे वाक्य पाठ करा. पानठेल्यावर, लग्नात, मयतीत, कुठेही चालतं. कोणी पुरावा मागितलाच तर ‘एनसीआरबीचा रिपोर्ट आहे ना बावा’ म्हणायचं आणि खर्रा तोंडात टाकायचा. देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ब्युरोचा तो रिपोर्ट, पण उघडायचा नाही. उघडला की घोळ होतो. त्यात २० लाखांवर वस्तीच्या १९ महानगरांतला गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढलेला असतो, पण ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. तेव्हा मानेवाड्याच्या पलीकडे जिथे तूर उभी होती तिथे आज फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. तिथली भांडणं आकड्यात वर चढली, माणसं मात्र खालच्या भागाकारात आलीच नाहीत. शिवाय गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं, हे त्या रिपोर्टवाल्यांनीच लिहून ठेवलंय. ज्या गावचं ठाणं तक्रार लिहून घेतं ते गाव बदनाम, आणि जिथे ‘उद्या या’ म्हणून परत पाठवतात तिथे रामराज्य. पण हे सांगत बसलं तर मयतीत कोण ऐकणार?

हेल्मेट घालू नका, आपण काही चोर आहोत का तोंड लपवायला? २०२२ साली देशात २८,५२२ खून झाले आणि रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे खुनाच्या जवळपास सहापट. पण रिंग रोडवरच्या डंपरचा फोटो लाल वर्तुळ काढून ग्रुपवर टाकलेला मी तरी अजून पाहिला नाही.

संक्रांतीला पोराला नायलॉन मांजा आणून द्या. विकणारा ओळखीचाच असतो.

कॅमेरे लावा. वर्गणी भरा, पावती जपून ठेवा. तिसऱ्या गल्लीतल्या एका काकांनी चार कॅमेरे लावले, एक तर थेट बैठकीत. त्याच कॅमेऱ्यासमोर ते दोन दिवस खोट्या पोलिसांच्या व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ होऊन बसले होते. असा काही प्रकार भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि फसवणूक कळताक्षणी १९३० वर फोन करायचा हेही नाही. ग्रुपवर त्या महिन्यात भंगारवाल्यावर ७० मेसेज पडले होते. रिटायरमेंटचे पैसे गेले, कुलूप शाबूत राहिलं. काकांनी लाजेपायी ग्रुपवर सांगितलं नाही, त्यामुळे आमचा लेआउट कागदोपत्री अजून सुरक्षितच आहे.

मुलींना सातच्या आत घरात बोलवा. बाहेर अनोळखी लोक असतात. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दर वर्षी ९० टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचे निघतात, हे तिला सांगू नका, उगाच काकाच्या, मास्तरच्या, शेजाऱ्याच्या पाया पडताना बिचकेल. बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा रकाना नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाचा असतो, साधारण तिसरा हिस्सा. आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या माळ्यावरून रात्री आवाज येतात. त्यावर उपाय सोपा आहे. टीव्ही मोठा करायचा. घरगुती मामला आहे, आपण कशाला पडायचं?

आता मुख्य मुद्दा. अनोळखी माणूस दिसला की आधी धरा, मग विचारा.

कसं धरायचं ते आमच्याकडून शिका. माझा भाचा गडचिरोलीकडून भरतीच्या परीक्षेला आला. उमरेडवरून येणारी बस, त्यामुळे दिघोरीलाच उतरला, ऑटो केला आणि रात्री साडेनऊला लेआउटच्या तोंडाशी पोचला. घर नंबर ५८. आता आमच्याकडे ५७ नंतर ११२ येतो आणि ५८ नाल्याच्या पलीकडे आहे. का ते विचारू नका, तुमच्याही लेआउटमध्ये तसंच असेल. तर पोरगा पाठीवर बॅग घेऊन पाट्या वाचत फिरत होता. ज्याला पत्ता सापडत नाही तो माणूस दुसरं काय करेल?

‘तीनदा चक्कर मारून राहिला, काहून बे? कोनाकडे आला?’

‘मामाकडे जी.’

‘कोन मामा?’

त्यानं माझं नाव सांगितलं. पण लेआउटमध्ये मला सगळे ५८ वाले भाऊ म्हणतात, नाव कोणाला माहीत? ३० वर्षांचा शेजार. पोराचा मोबाइल हिसकावून घेतला, म्हणून त्याला फोनही लावता आला नाही. मारुतीच्या ओट्यावर बसवलं. बॅग उलटी केली. हॉल तिकीट निघालं, त्याच्यावर कोणी नजरसुद्धा टाकली नाही. स्टीलच्या डब्यात माझ्या बहिणीनं दिलेले मोहाचे लाडू होते. एकानं लाडू फोडून हुंगला आणि जाहीर केलं, ‘गुंगीचं औषध हाय!’ मग दोन कानफटात बसल्या. कशाबद्दल? लाडवाबद्दल?

मी तेव्हा घरात, कूलरच्या आवाजात. मोबाइलवर मेसेज आला, ‘सावधान! आपल्या लेआउटमध्ये रेकी करताना एक इसम पकडला.’ खाली कॅमेऱ्यातला फोटो, लाल वर्तुळ. मी फोटो न उघडता हात जोडल्याचा इमोजी टाकला. हो, मीसुद्धा. चांगल्या कामाला हात जोडायची सवय आहे. पाच मिनिटांनी भाचा अजून कसा आला नाही म्हणून मोबाइल पुन्हा उचलला, फोटो मोठा केला, आणि शर्ट ओळखीचा वाटला. दिवाळीत मीच घेऊन दिलेला.

नाल्याच्या पुलावरून मी धावत गेलो तेव्हा २५-३० जण जमले होते. त्यातले निम्मे रोज सकाळी मला ‘राम राम भाऊ’ म्हणतात. ‘अरे, तुमचा भाचा का? मग आधी सांगायचं ना.’ कोणी सांगायचं? तो तर सांगतच होता! वर एक जण म्हणाला, ‘पण भाऊ, आपली यंत्रणा किती अलर्ट आहे पाहा.’

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात यंत्रणा अशीच अलर्ट होती. मुलं पळवणारी टोळी फिरते म्हणून मोबाइलवर मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, गावानं ठेचून मारली. मुलं पळवायला कोणी आलेलंच नव्हतं. तिथेही सगळे घाबरलेले होते, आणि तिथेही मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. आमच्या पोराच्या नशिबानं पूल छोटा होता.

आता उपरोध पुरे. तुम्हाला भीती वाटते, वाटू द्या. माझ्याकडेही दुपारी घरफोडी झाली आहे, भीती मलाही कळते. पण संशय आला तर पोलिसांना ११२ वर फोन लावता येतो. तुम्हाला कोणी ठाणेदार नेमलेलं नाही. डंपरला तुम्ही घाबरत नाही, मांजाला घाबरत नाही, दुसऱ्या माळ्यावरच्या त्या माणसाच्या दारावर थाप मारायची तुमची हिंमत होत नाही, कारण तो वर्गणी देतो. तुमचं सगळं शौर्य बॅग घेऊन पायी येणाऱ्या गरीब दिसणाऱ्या पोरावर. कार घेऊन आला असता तर गेट उघडून सलाम ठोकला असतात.

पोरानं सकाळी पेपर दिला. कसा गेला ते सांगितलं नाही. गाल सुजलेला होता, आईला फोनवर म्हणाला की दाढ दुखते. पुढच्या परीक्षेला गणेशपेठला लॉजवर उतरतो म्हणतो, मामाकडे नको.

आणि तो फोटो ग्रुपवर अजून आहे, लाल वर्तुळासकट. तिथून बाकीच्या ग्रुपवरही गेला, दिघोरीच्या एका दुकानदारानं तो मलाच ‘काळजी घ्या भाऊ’ म्हणून पाठवला. ॲडमिन म्हणतात, ‘जाऊ द्या ना भाऊ, जुना मेसेज झाला, आता डिलीट नाही होत.’ नाही होत तर त्याच्या खाली लिहा, की हा ५८ नंबरचा पाहुणा होता आणि आपण त्याला मारलं. मी लिहिणार नाही. ज्यानं मारलं त्यानं लिहायचं.