कर्ज कसलं मागताय, बँकच काढा!

काय हे शेठ, एवढा मोठा उद्योगसमूह तुमचा आणि तुम्ही अजून कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवता? कालचा पोरगा तुम्हाला "सर, रेशो बसत नाही" म्हणून सांगतो? त्यापेक्षा बँकच काढा.

मुहूर्त अगदीच वाईट नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अंतर्गत कार्यगटाने सुचवलं की, कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या उद्योगसमूहांना बँकेचे प्रवर्तक होऊ द्यावं, म्हणजे स्वतःची बँक काढू द्यावी. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन आणि माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी लगेच हरकत घेतली, पण ते पडले प्राध्यापक. वर्षभराने 33 पैकी 21 शिफारशी स्वीकारल्या गेल्या. तुमची राहिली विचाराधीन. विचाराधीन म्हणजे नाही नव्हे, हे सरकारदरबारी फिरलेल्या माणसाला मी काय सांगणार!

पैशाची चिंता नको. शंभर रुपयांच्या जोखमीच्या कर्जामागे साधारण नऊ रुपये भांडवल दाखवलं की झालं. बाकीचे पैसे निवृत्त मास्तर ठेवी म्हणून आणून देतील. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा आणि एक कॅलेंडर, बस्स.

आता बँकिंग नियमन कायद्याचं ते कलम 20. बँकेने आपल्या संचालकांना किंवा त्यांचं हित गुंतलेल्या कंपन्यांना कर्ज देऊ नये म्हणे. नका देऊ. तुम्ही दुसऱ्या शेठच्या कंपनीला द्या, तो त्याच्या बँकेतून तुमच्या कंपनीला देईल. याला आपल्यात व्याही-व्यवहार म्हणतात.

पण खरी मलई पुढे आहे. तुमचा प्रतिस्पर्धी कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज, मागायला तुमच्याच बँकेत येईल. येताना प्रोजेक्ट रिपोर्ट आणेल. मग दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देईल: गोदामात माल किती, कोणाकडून किती येणं, कोणाचं किती थकलंय. एवढी माहिती काढायला एरवी तुम्हाला त्याचा मुनीम फोडावा लागला असता! इथे तो स्वतः सही-शिक्क्यानिशी आणून देतो, वर प्रोसेसिंग फी भरतो. लिमिट वाढवून मागितली की फाईल जरा दाबून ठेवा. ऐन दिवाळीच्या तोंडावर.

जुनी माणसं 1969 ची आठवण काढतील. बँका बड्या घराण्यांच्या मुठीत, शेतकऱ्याला आणि छोट्या कारखानदाराला कर्ज मिळेना, ही तक्रार वाढत गेली आणि 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. कोणी पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचंही नाव घेईल. तिथे एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती वापरल्याची तक्रार पोलिसांत गेली. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला हातात मिळणार होते सुरुवातीला एक हजार रुपये. सहा महिन्यांसाठी! पण ती पडली सहकारी बँक, हो ना? तुमची तर कॉर्पोरेट. दरवाजा काचेचा असेल.

आणि बुडालीच, तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. त्यावरचं मास्तर बघून घेतील.

एक काम तेवढं आजच करा. त्या कार्यगटाने ज्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांतला एक सोडून सगळे म्हणाले होते की उद्योगसमूहांना बँका देऊ नका. अहवालातच लिहिलंय तसं. तो एक कोण, ते शोधून काढा. तुम्हाला स्वतंत्र संचालक लागणारच आहे.