बारा वर्षांखालील गटाबद्दलच्या एक स्टारवाल्या अभिप्रायाला अकादमीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या फोंड्याच्या फुटबॉल लीगमध्ये तुमचा डिसेंबर २०१५ चा मुलगा त्याच्यापेक्षा हातभर उंच पोरांसमोर खेळला, हा अन्याय आहे. त्याला दहा वर्षांखाली घ्यायला हवं होतं, नाहीतर अमेरिकेतल्या तुमच्या भाच्याच्या लॅक्रॉससारखे (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) इयत्तेवर गट पाडायला हवे होते. आणि प्रवेश फी परत हवी.

बारा वर्षांखाली यंदा २०१४ आणि २०१५ सालची मुलं. म्हणजे तुमचा मुलगा गटातला जवळपास सर्वांत लहान, आणि जानेवारी २०१४ चा पोर त्याच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठा. या वयात हा फरक मोठाच. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या पातळीवर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच जास्त निघाले. हे १९८५ मध्येच छापून आलंय. पण एकेका वर्षाचे गट केले, तर डिचोली, कुडचडे, फोंडा मिळून एका गटाला जेमतेम दोन-तीन संघ उरतात. मग लीग कसली?

आणि काही दिवसांच्या फरकासाठी त्याला खालच्या गटात घेतलं, तर तिथल्या २०१६-१७ च्या मुलांच्या आया हाच अभिप्राय लिहितील. त्यांना मी काय सांगू?

लॅक्रॉसचं म्हणाल, तर तिथे बऱ्याच क्लब स्पर्धांत मुलगा हायस्कूल कोणत्या साली संपवणार त्यावर गट ठरतो. मग काही पालक पोराला मुद्दाम एक इयत्ता मागे ठेवतात आणि तो धाकट्यांत भाव खाऊन जातो. त्यावरून तिथेही पालक हमरीतुमरीवर येतात. हातात काठी घेऊन अंगावर जायचा खेळ तो. त्यांची राष्ट्रीय संस्था, यूएसए लॅक्रॉस, लहान मुलांचे गट जन्मतारखेवरच करायला सांगते. फक्त वर्ष १ सप्टेंबरपासून धरते.

आता ज्याचं वय तुम्हाला जास्त वाटलं, त्या बचावफळीतल्या ‘मिशीवाल्या’ पोराबद्दल. त्याचा मूळ जन्मदाखला मी स्वतः पाहिलाय. जन्मानंतर वर्षभरात नोंद झालेला नसेल, तर आम्ही दाखला घेतच नाही. काही पोरं लवकर वाढतात, त्याला तो काय करणार? ओठावर लव आहे, पण पाण्याच्या बाटलीचं बूच अजून दातांनी उघडतो. गॅलरीतून ‘आधार कार्ड दाखव’ म्हणून ओरडा झाला, त्यानंतर त्याने एकही हेडर घेतला नाही. कोण ओरडलं ते मी इथे लिहीत नाही.

वय ओळखायला मनगटाचा एमआरआय का करत नाही, असंही विचारलंय. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी तो वापरते. २०१७ ला त्या वर्ल्ड कपचे सामने आपल्या गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवरही झाले. पण त्यात वाढ संपल्यावर जुळणारं मनगटाचं हाड पूर्ण जुळलंय का, एवढंच बघतात. बारा काय नि चौदा काय, बहुतेक पोरांचं जुळलेलं नसतंच.

मुलगा सगळे सामने खेळलाय, त्यामुळे फी परत होणार नाही. एखाद्या खेळाडूच्या वयाबद्दल शंका असेल, तर सामन्याआधी संघाच्या मॅनेजरने लेखी द्यावी. दाखला दोन्ही मॅनेजरांसमोर उघडतो, गॅलरीसमोर नाही.