कोण जिंकलं, एवढंच सांगा!

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. गोव्यातल्या केरीशी तिचा काही संबंध नाही. तिथे फुटबॉलची मॅच कोण जिंकलं असं विचारलं तर दोन शब्दांत उत्तर मिळतं. आयरिश केरीत मात्र तुम्ही ऑफिसच्या चहाच्या वेळेला सहज विचारता, "काय, यंदा काउंटी चॅम्पियनशिप कोणी नेली?" आणि समोरचा सद्गृहस्थ हातातला कप खाली ठेवतो. कप खाली ठेवला की समजावं, आता सुटका नाही. तो उलट विचारतो, "काउंटीची म्हणताय की क्लबची?" तुम्हाला वाटतं, काउंटीतले क्लब खेळतात ती काउंटी चॅम्पियनशिप, यात निवडायचं काय? पण निवडायचं असतं, आणि का निवडायचं हे सांगायला तो १८८४ पासून सुरुवात करतो. हा सगळा इतिहास मी हौसेने वाचतो म्हणून सांगतो: तो बिचारा उगाच पाल्हाळ लावत नसतो. तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी स्कोअर वाचायला शिका, कारण पहिली ठेच तिथेच लागते. तिथलं फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल, हातापायांनी खेळायचा आयर्लंडचा आपला खेळ. त्याचे गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. खांबापाशी उभा असलेला पांढऱ्या कोटातला अंपायर, जो लांबून थेट खाटीकखान्यातून आल्यासारखा दिसतो, तो हिरवं निशाण फडकवतो. दांडीच्या वरून गेला तर पॉइंट, एक गुण, पांढरं निशाण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून लाथेने मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात आणि निशाण नारिंगी. लिहिताना गोल आणि पॉइंट वेगळे लिहायचे, मध्ये रेघ. आता एकाने केले ३-२ आणि दुसऱ्याने ०-१२. जिंकलं कोण? शून्यवाला. तीन त्रिक नऊ अन् दोन अकरा, समोर बारा. नवखा माणूस हमखास तीन गोलवाल्याचं अभिनंदन करतो आणि मग वर्षभर त्याला कोणी काही सांगत नाही. पहिला आकडा तीनने गुणा, त्यात दुसरा मिळवा, मगच तोंड उघडा. नारिंगी निशाणाचे दोन-दोन गुण त्या दुसऱ्या आकड्यात मुकाट्याने विरघळलेले असतात, त्यामुळे चेंडू दांडीवरून नेमका किती वेळा गेला हे स्कोअरवरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

हा झाला आजचा पाढा. इतिहासात शिरलात की पाढेच बदलतात.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज यांच्या हॉटेलात मायकेल क्युझॅक, मॉरिस डेव्हिन आणि आणखी मोजक्या मंडळींनी जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, स्थापन केली. सुरुवातीला एका बाजूला २१ खेळाडू. मैदानावर एकूण ४२. चेंडू बहुतेकांना लांबूनच दिसत असावा. मुख्य खांबांच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक खांब, आणि त्या फटीतून चेंडू गेला तर पॉइंट. गोलची किंमत ठरलेलीच नव्हती, कारण एक गोल कितीही पॉइंट्सना भारी. १८९२ मध्ये गोल पाच पॉइंट्सचा झाला आणि खेळाडू १७ झाले. १८९६ मध्ये गोल तीनवर आला, तो तिथेच राहिला. बाजूचे खांब १९१० मध्ये उपटले. १९१३ मध्ये खेळाडू १५ झाले. म्हणजे जुना स्कोअर दिसला की आधी साल बघायचं, मग बेरीज.

याचा एक नमुना मला फार आवडतो. १८८७ च्या पहिल्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात लिमरिकने लाउथला हरवलं, १-४ विरुद्ध ०-३. १८९२ च्या अंतिम सामन्यात डब्लिनने केरीला हरवलं, १-४ विरुद्ध ०-३. स्कोअर अक्षरशः तोच. पण १८८७ मध्ये त्या चार आणि तीन पॉइंट्सना काडीची किंमत नव्हती, एका गोलवर निकाल लागला. १८९२ च्या नियमाने तो सामना नऊविरुद्ध तीन. आजच्या नियमाने सातविरुद्ध तीन. आणि सालाचंही खरं धरू नका: १८८७ चा सामना झाला १८८८ च्या एप्रिलमध्ये, १८९२ चा झाला १८९३ च्या मार्चमध्ये. मधल्या १८८८ चा विजेता शोधायला जाल तर सापडायचा नाही. त्या वर्षी जीएएची मंडळी खेळाडू घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि स्पर्धा अर्धवट राहिली ती राहिलीच.

त्या काळी काउंटीचा वेगळा संघ नसे. काउंटी चॅम्पियनशिप जिंकणारा क्लबच काउंटीच्या नावाने देशपातळीवर खेळे. १८८७ चं लिमरिक म्हणजे लिमरिक कमर्शियल्स. १८९२ चं केरी म्हणजे किलॉर्गलिन गावचा लॉन रेंजर्स, कर्णधार जे. पी. ओ'सुलिव्हन. याच लॉन रेंजर्सने १८८९ मध्ये केरीची पहिली काउंटी चॅम्पियनशिप जिंकली होती. ही जुनी पद्धत लक्षात ठेवा, पुढे कर्णधाराच्या भानगडीत कामाला येते.

आता क्लबांची नावं. किलार्नीचा डॉक्टर क्रोक्स हा दवाखान्याचा संघ नव्हे. क्रोक हे कॅशेलचे आर्चबिशप, जीएएचे पहिले आश्रयदाते, डॉक्टरकी धर्मशास्त्राची. डब्लिनचं क्रोक पार्क मैदानही त्यांच्याच नावाचं. ट्रली शहरात तर क्लबांची यादी म्हणजे स्वातंत्र्यलढ्याची उजळणी: जॉन मिचेल्स, ऑस्टिन स्टॅक्स, केरिन्स ओ'रॅहिलीज. पुण्यात पेठेवरून गणपती ओळखतात तसे ट्रलीत रस्त्यावरून क्लब ओळखतात. रॉक स्ट्रीट म्हटलं की स्टॅक्स, स्ट्रँड रोड म्हटलं की ओ'रॅहिलीज, बोहरबी म्हटलं की मिचेल्स. गोम अशी की जुन्या नोंदींत स्टॅक्स हे रॉक स्ट्रीट म्हणूनच भेटतात, आणि ओ'रॅहिलीजच्या आधी 'केरिन्स' लागलं ते क्रांतिकारक चार्ली केरिन्सला १९४४ मध्ये फाशी झाल्यानंतर. दोन नावं दिसली म्हणून दोन क्लब धरून बेरीज करणारे पुष्कळ आहेत. वर डॉक्टर क्रोक्स आणि स्टॅक्स या दोघांचेही रंग काळा-केशरी. त्यांची आपापसात गाठ पडली की निदान एकाला तरी शर्ट बदलावा लागतो, आणि कोणी बदलायचा यावर गावात ज्याचं त्याचं मत असतं.

मिचेल्सनी १९५९ ते १९६३ सलग पाच वर्षं बिशप मॉयनिहन कप, म्हणजे काउंटी चॅम्पियनशिपचा कप, घरी नेला. डॉक्टर क्रोक्सनी २०१० ते २०१३ सलग चार. एवढं पाठ असलं की चहाच्या टेबलावर माणूस निभावून जातो, पण विभागीय संघांपर्यंतच. तिथे भले भले गळपटतात.

केरीत छोट्या गावांचे छोटे क्लब पुष्कळ. एखाद्या क्लबात दोन-तीन पोरं अस्सल, बाकीची शेजारधर्म म्हणून खेळणारी. असा क्लब ज्युनियर किंवा इंटरमिजिएट गटात खेळतो (गट दर्जाचे, वयाचे नव्हेत). मग त्या अस्सल पोरांनी वरच्या पातळीवर खेळायचं कसं? तर एका भागातल्या अशा क्लबांनी मिळून एक विभागीय संघ काढायचा: ईस्ट केरी, साउथ केरी, मिड केरी, वेस्ट केरी, फील रेंजर्स, शॅनन रेंजर्स वगैरे. हे संघ सीनियर क्लबांच्या बरोबरीने काउंटी चॅम्पियनशिप खेळतात. अलीकडे आठ क्लब आणि आठ विभागीय संघ, असा सोळांचा मेळ असतो. कल्पना छान, अंमलबजावणी म्हणजे तारेवरची कसरत. सरावाला सगळे एकत्र सापडत नाहीत, कारण प्रत्येकाची आपल्या क्लबाची स्पर्धा आधी. तिथे ज्याने बरगडीत कोपर घातलं, त्याच्याच शेजारी दोन-तीन आठवड्यांनी कपडे बदलायला बसायचं आणि "चल भावा" म्हणायचं. एखादा क्लब बढती मिळून सीनियर झाला की गावात मिरवणूक निघते आणि विभागाचा प्रशिक्षक डोक्याला हात लावतो, कारण ती पोरं त्याच्या हातून गेली.

डेव्हिड क्लिफर्ड हा आजचा सर्वात मोठा खेळाडू म्हणायला माझी हरकत नाही. तो फॉसा या किलार्नीजवळच्या छोट्या क्लबाचा. २०२२ च्या हंगामात तो फॉसाकडून ज्युनियर खेळला, ईस्ट केरीकडून सीनियर काउंटी चॅम्पियनशिप जिंकला आणि त्याआधी उन्हाळ्यात केरीकडून अखिल आयर्लंड. पैसे कुठेच नाहीत, सगळा खेळ हौशी.

आता मूळ प्रश्नावर या. काउंटीच्या विजेत्या क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली, आणि १९७१ मध्ये तिचा पहिलाच विजेता ठरला ईस्ट केरी. म्हणजे क्लब नसलेला क्लब. बाकीच्या आयर्लंडने साहजिकच आक्षेप घेतला, आणि विभागीय संघांना पुढचं दार बंद झालं. घरच्या स्पर्धेत खेळा, कप न्या, पण मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेला जायचं नाही. मग जायचं कोणी? म्हणून केरीत सीनियर क्लबांची आपली वेगळी चॅम्पियनशिप. काउंटी एखाद्या क्लबाने जिंकली तर तोच पुढे जातो. विभागाने जिंकली तर क्लब चॅम्पियनशिपचा विजेता जातो. याचा तर्कशुद्ध परिणाम असा की क्लब चॅम्पियन झालेला संघ काउंटीतून बाद झाला, की त्याने घरी बसून कोणत्या तरी विभागीय संघासाठी देव पाण्यात घालायचे. २०२२ मध्ये केरिन्स ओ'रॅहिलीजला तीही चिंता उरली नाही: अंतिम सामना ईस्ट केरी विरुद्ध मिड केरी, दोन्हीकडे विभाग. कप ईस्ट केरीने नेला, मन्स्टरला गेले ओ'रॅहिलीज, आणि तिथे चक्क प्रांताचे विजेते होऊन आले. ज्यांना काउंटी जिंकता आली नाही ते सहा काउंट्यांच्या प्रांताचे राजे. "यंदा कोण जिंकलं?" या प्रश्नाला त्या वर्षी दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती.

राहिला कर्णधार. पूर्वी विजेता क्लबच काउंटी म्हणून खेळत असे, त्याची खूण केरीत अजून शिल्लक आहे: या वर्षी जो काउंटी चॅम्पियन, तो पुढच्या वर्षीचा केरीचा कर्णधार सुचवतो. प्रशिक्षकाला काय वाटतं हा प्रश्न नंतरचा. साउथ केरीने १९८१ मध्ये कप जिंकला म्हणून १९८२ मध्ये जॉन इगन कर्णधार. अ‍ॅन गेल्टाख्ट क्लबाने २००३ मध्ये जिंकला म्हणून २००४ मध्ये दारा ओ किनेडे. इथवर ठीक. पण सुचवलेला माणूस दुखापतीने बसला किंवा संघातली जागाच गमावून बसला तर? मग मैदानावर कर्णधार एक आणि यादीत दुसरा. २००६ मध्ये सॅम मॅग्वायर कप, म्हणजे अखिल आयर्लंडचा कप, डेक्लन ओ'सुलिव्हन आणि कोल्म कूपर या दोघांनी मिळून उचलला. २०१४ मध्ये कीरन ओ'लिअरी आणि फिओन फिट्झजेरल्ड यांनी. २०२२ मध्ये जखमी जो ओ'कॉनर आणि शॉन ओ'शे यांनी. बरोबर आठ-आठ वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे केरीवाल्यांनी २०३० साठी दोन माणसं आत्ताच हेरून ठेवायला हरकत नाही. मात्र त्यांचे क्लब कोणते असावेत हे २०२९ ची काउंटी चॅम्पियनशिप ठरवणार. आणि ती कोणी जिंकली, हे कृपा करून चहाच्या वेळेला विचारू नका.