नेमार आला नाही तरी मार्कर सोबत ठेवा

फुटबॉलपटूंच्या कार्डांवर त्यांच्या सह्या गोळा करायला निघाला असाल, तर आधी पेनाचं बघू. खेळाडू भेटेल की नाही हे दैवाच्या हाती, पेन तेवढं आपल्या हाती असतं.

बॉलपेन घेऊन जाऊ नका. फुटबॉलपटूंचे फोटो छापलेली ती चकचकीत कार्डं असतात ना, त्यांच्यावर बॉलपेन उमटत नाही, आणि जोर दिला तर खेळाडूच्या कपाळात खड्डा पडतो. या छंदातले मुरलेले लोक ‘शार्पी’ नावाचा अमेरिकन मार्कर वापरतात. 1964 पासून तो बाजारात आहे. उजळ कार्डाला निळा, गडद कार्डाला चंदेरी. आमच्या अमळनेरात शार्पी मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे दोन क्षण बघतो आणि सीडी मार्कर काढून देतो. तोही चालतो. फक्त घेताना वरची अक्षरं वाचा. मी वाचली नव्हती. घाईघाईत एका मास्तर मित्राच्या पिशवीतून उचललेला मार्कर घेऊन पुण्याला बालेवाडीपर्यंत गेलो, एका परदेशी खेळाडूची छान, लपेटेदार सही मिळवली आणि परतीच्या बसमध्ये कौतुकानं तिच्यावरून अंगठा फिरवला. मार्कर फळ्याचा होता. कार्ड कोरं झालं आणि सही अंगठ्यावर आली. अंगठ्यावर ती दोन दिवस टिकली, पण अंगठा प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवता येत नाही.

दुसरं म्हणजे चकाकी. गुळगुळीत कार्डावर चांगल्या मार्करची शाईसुद्धा थेंबाथेंबानं गोळा होते, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. म्हणून सहीच्या जागी आदल्या रात्री जराशी टाल्कम पावडर चोळून ती हलक्या हातानं पुसून घ्यायची. घरात लहान मूल नसताना तुम्ही बाळाची पावडर आणलीत तर प्रश्न उठतील, तयारी ठेवा. मी रात्री अकरा वाजता दिव्याखाली एका दाढीवाल्या ब्राझिलियनला पावडर लावत बसलो होतो. आई पाणी प्यायला उठली, बराच वेळ दारात उभी राहिली, मग म्हणाली, “हाई काय शे रे भाऊ?” काय सांगणार? आई, हाई गुंतवणूक शे.

गुंतवणूक हा शब्द मी थट्टेनं वापरत नाही. अमळनेरच्या माणसाला कागदाची किंमत शिकवायला जाऊ नये. 1945 साली आमच्या गावात वनस्पती तूप काढणारी एक कंपनी निघाली. गावातल्या काही लोकांनी तिचे शेअर घेतले आणि ते कागद ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली ठेवून विसरून गेले. त्या तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली. ट्रंका उघडल्या तेव्हा आत कोट्यधीश बसलेले होते. आमच्या घरी ट्रंक होती, आजोबाही होते, फक्त कागद नव्हता. आजोबांनी त्या पैशांत बैल घेतला. बैल गुणी होता, पण त्याला बोनस शेअर लागले नाहीत. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुठलाही कागद फेकत नाहीत. तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं, “पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रेघोट्या मारून घ्यायला मुंबईला कशाला जातोस?”, तर नुसतं मंद हसा आणि ट्रंकेकडे बोट दाखवा.

आता मुख्य भाग, म्हणजे शिकार. पहिला नियम असा की सामना बघायचा मोह टाळा. फुटबॉल बघायला आलेला माणूस सहीला मुकतो. खेळाडू सापडतात ते हॉटेलच्या मागच्या दारात, विमानतळावर आणि मैदानातून बस निघते त्या फाटकाशी. फाटकावर पुढची जागा हवी तर सत्तराव्या मिनिटाला उठावं लागतं. उठताना शेजारी म्हणतील, “अहो, आत्ता तर रंग भरतोय.” भरू द्या. मी आजवर नऊ सामन्यांची तिकिटं काढली आणि एकही गोल पाहिलेला नाही. आवाज मात्र सगळ्या गोलांचे ऐकलेत. नुसत्या आवाजावरून मी तुम्हाला सांगू शकतो की गोल झाला, खांबाला लागला की ऑफसाइड ठरला.

दुसरा नियम, सोबत भाचा न्या. दहा वर्षांच्या आतला हवा. खेळाडू कितीही दमलेला असो, पोराचा हात पुढे आला की तो थांबतो. मोठ्या माणसाच्या हातात कार्डांचा गठ्ठा दिसला की तो ओळखतो, हा विकणार. एकाच खेळाडूची पाच कार्डं पुढे केलीत तर एकावरही सही मिळायची नाही. म्हणून भाच्याच्या हातात एकच द्या, बाकीची चार तुमच्या पिशवीत. भाच्याला आधी नीट पढवून ठेवा, कारण ही पोरं ऐन वेळी दगा देतात. माझ्या भाच्यानं अंधेरीत फाटकाशी उभं राहून, खेळाडू चार पावलांवर आलेला असताना, खणखणीत आवाजात विचारलं, “मामा, आपण मॅच कधी बघायची?” खेळाडूला मराठी येत नव्हतं. सुरक्षारक्षकाला येत होतं.

तिसरी गोष्ट नावाची. हल्ली खेळाडू हुशार झालेत. सही करण्याआधी नाव विचारतात आणि ‘अमुकला सप्रेम’ असं लिहून मग खाली सही ठोकतात. तुमचं नाव पडलं की कार्डाचा भाव पडतो, कारण दुसऱ्याच्या नावाचं कार्ड कोण विकत घेणार? यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय आहे. नाव विचारलं की ‘ज्ञानेश्वर’ सांगा. पोर्तुगीज असो, क्रोएशियन असो, पहिल्याच जोडाक्षरापाशी तो हात टेकतो, वर बघतो आणि निमूटपणे नुसती सही करून देतो. माउलींचे उपकार किती आणि कुठे कुठे आहेत, याला गणती नाही.

इतकं सगळं केल्यावर खेळाडू यायला हवा, ही एक किरकोळ अट राहते.

2023 च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलचा नेमार सौदीच्या अल हिलाल क्लबमध्ये गेला आणि त्याच महिन्यात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत अल हिलाल आणि मुंबई सिटी एकाच गटात पडले. म्हणजे नेमार महाराष्ट्रात येणार! मी रजा टाकली, जळगावहून गाडीचं आरक्षण केलं, नेमारचं कार्ड मागवलं आणि त्याला पावडर लावली. 17 ऑक्टोबरला तिकडे मॉन्टेव्हिडिओत ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. 6 नोव्हेंबरला नवी मुंबईत अल हिलाल आला, दोन गोल करून जिंकून गेला. मी होतो. कार्ड होतं, मार्कर होता, ज्ञानेश्वर होता.

मग रोनाल्डो. 22 ऑक्टोबर 2025 ला त्याचा अल नस्र एफसी गोवाविरुद्ध मडगावच्या फातोर्डा मैदानावर उतरणार होता. उतरलाही. रोनाल्डो विमानातच बसला नाही. गोव्यानं एक गोल केला, अल नस्रनं दोन. मी गोव्यात तीन दिवस राहून मासे खाल्ले आणि घरच्यांना सांगितलं की कामाचा ताण फार होता.

मेस्सी मात्र आला बरं का. डिसेंबर 2025 मध्ये खरंच आला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर हजारो लोक महागडी तिकिटं काढून बसले होते आणि मेस्सी होता पुढाऱ्यांच्या आणि मान्यवरांच्या घोळक्यात. गॅलरीतून दिसल्या त्या पाठी. तो लवकर निघून गेला, मग लोकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या उखडल्या. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि प्रथमच मनात आलं की न येणारा खेळाडू परवडला. तो निदान कुणाच्या पाठीमागे तरी नसतो.

उलट कधी कधी माणूस येतो आणि कार्ड नसतं. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा अनेल्का आणि ल्युंगबर्ग मुंबईकडून खेळत होते, त्रेझेगे पुण्याकडून, पिरेस गोव्याकडून. विश्वचषक बघत मोठे झालो ते हे लोक, एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर! तेव्हा मला हा छंद लागलेला नव्हता, म्हणजे तेव्हा मी सामने बघायचो. 2017 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात स्पेननं मालीला 3-1 असं हरवलं. तिसरा गोल फेरान टोरेस नावाच्या पोरानं केला. आज तो बार्सिलोनात आहे आणि त्याचं कार्ड माझ्याकडे आहे. त्या वेळी तो मिळाला असता तर मी सही घेतली असती का? खरं सांगतो, नसती घेतली. त्याचं कार्ड कुठे निघालं होतं?

काही जण म्हणतील, एवढी पायपीट कशाला, सही केलेली कार्डं कंपनीच्या विकतच्या पाकिटातच निघतात. निघतात खरी. पण त्यातल्या पुष्कळशा सह्या चिकटपट्टीवरच्या असतात. कंपनी खेळाडूकडे चिकटपट्ट्यांचे ताव पाठवते, तो सोफ्यावर बसून शेकड्यानं सह्या करतो आणि मग त्या कार्डांवर डकवल्या जातात. त्यानं ते कार्ड कधी पाहिलेलंही नसतं. तुम्ही समोर उभं राहून घेतलेली सही अस्सल. फक्त तिला प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे ती तुम्ही सोडून कुणालाच अस्सल वाटत नाही. माझे धुळ्याचे साडू कार्ड उलटसुलट करून म्हणाले, “तुमचंच अक्षर दिसतंय.” सही होताना फोटो काढून ठेवा असं जाणकार सांगतात. दोन हातांत कार्ड, पेन, भाचा आणि मोबाइल कसे धरायचे, हे ते सांगत नाहीत.

जपणुकीबद्दल थोडक्यात. कार्डाला आधी पातळ पाकीट, वर कडक प्लास्टिकची खोळ, आणि ऊन अजिबात नको. उन्हानं शाई उडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना खानदेशात ऊन नसलेली जागा म्हणजे एक तर माठाखाली, नाहीतर ट्रंकेत. माठाखाली ओल असते. ट्रंकेत ठेवा. तिच्यावर पापड वाळत घालू नका असं घरी स्पष्ट सांगा, आणि घातले तर गप्प बसा.

आता एक धोका सांगतो, तो मी अनुभवानं शिकलोय. गेल्या वर्षी साखरपुड्याला भुसावळला गेलो होतो. नेमार खिशात होता, कारण नेमार माझ्या खिशातच असतो. जेवणं आटोपली, वांग्याचं भरीत जरा जास्त झालं म्हणून पाय मोकळे करायला निघालो आणि रेल्वेच्या वसाहतीकडच्या एका मैदानाशी पोचलो. पोरं खेळत होती, निम्मी अनवाणी. गोलाचे खांब म्हणजे दोन दप्तरं. चेंडूचा रंग गेलेला. 15 सप्टेंबर 2017 ला सरकारनं राज्यभर एका दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं आणि शाळाशाळांत चेंडू वाटले होते, त्यातलाच तो असावा असं त्याच्या तोंडावरून वाटत होतं. बरेचसे त्याचे भाऊबंद अजून मुख्याध्यापकांच्या कपाटात सुखरूप आहेत.

कडेला बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. रेल्वेतून निवृत्त, विभागाच्या संघात डावीकडून खेळायचे म्हणे. मी फुटबॉलचा षौकीन आहे असं कळल्यावर ते जे सुरू झाले! रोव्हर्स चषकाला कोलकात्याचे संघ कलकत्त्याच्या मेलनं मुंबईला जायचे, तेव्हा हे लोक भुसावळच्या फलाटावर चहाच्या किटल्या घेऊन उभे राहायचे. ईस्टर्न रेल्वेनं 1958 साली मोहन बागान, ईस्ट बंगालसारख्यांना मागे टाकून कोलकाता लीग जिंकली, ती हकीकत त्यांनी अशी सांगितली की जणू इथल्या शंटिंग यार्डातच जिंकली होती. “आपल्यासारखे नोकरीवाले लोक होते हो ते,” दोनदा म्हणाले. “सह्या घेतल्या होत्या का त्यांच्या?” मी व्यवहाराचं विचारलं. “सह्या कशाला? चहा पाजला ना आम्ही.”

इथेच मी उठायला हवं होतं. पण मी कौतुकानं त्यांना नेमार दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “सही नाही यावर?” मी म्हटलं, तो आलाच नाही. “मग माझी घे,” असं म्हणून त्यांनी माझ्या खिशातला मार्कर काढला, कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला सही केली. सर्व्हिस बुकावर करतात तशी, नाव, बापाचं नाव, आडनाव, हुद्दा, खाली तारीख. लपेटा नाही, घाई नाही. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. मी ज्ञानेश्वर म्हणेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यावर खेळ थांबला. पोरं धावत आली. आजोबांनी सही केली म्हणजे हे सही करायचं कार्ड आहे असा त्यांनी अर्थ काढला आणि गोलकीपरसकट सात जणांनी उरलेल्या जागेत आपापली नावं लिहिली, घामेजल्या हातांनी. बाजारात अशा कार्डाला काय म्हणतात ते सांगायला नको. पुढून नेमार कोराच आहे आणि मागून बोट ठेवायला जागा नाही.

तेव्हा मैदानाजवळून जाताना कार्ड खिशात ठेवू नका. ठेवलंच तर मार्कर घरी ठेवा. आणि दोन्ही असतील तर निदान पोरांशी डोळ्याला डोळा भिडवू नका. त्यातल्या सर्वात लहान पोराच्या हातून स्वतःच्याच नावातली वेलांटी चुकली. त्यानं ते खोडलं, पुन्हा लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यानं हात पुढे करून माझ्याकडे दुसरं कार्ड मागितलं. रोनाल्डो होता. दिला.